चाकाखालचं झाकण

नवा पिकअप घराच्या गॅरेजात मावणार नाही, हे व्हर्लिन स्टकी सोडून गल्लीतल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. घर जुनं. माणसं पिकअप शेतावर ठेवायची आणि घरी बायकोची गाडी आणायची, त्या काळातलं. पिकअप मात्र आजचा. चार दारं, मागे लांबलचक हौदा, नाक माणसाच्या छातीइतकं उंच. अंगणात उभा राहिला की मागचं घर दिसेनासंच व्हायचं.

रोवीनाने तो पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला आणि हातातलं भांडं धुवायचं विसरली. तिचा नवरा, व्हर्लिन, पिकअपभोवती फेऱ्या मारत होता. गॅसच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्या ठाकठीक करून चालवल्या. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कोरी गाडी घेतली. आतल्या नव्या कातड्याचा वास दाखवायला त्याने शेजारच्या क्लीव्ह हारजोला बोलावून आणलं होतं आणि ते दोघे म्हातारे दारं लावून आत नुसते बसले होते. रोवीनाला हसू आलं. बरंही वाटलं. नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

पण ओक्लाहोमात वसंत आला की गारा येतात. गेल्या खेपेच्या गारांनी व्हर्लिनच्या जुन्या पिकअपच्या टपाची अशी गत केली होती, की पाऊस उघडल्यावर प्रत्येक खळग्यात पाणी साचून राहायचं आणि चिमण्या त्यात अंघोळ करायच्या. गल्लीने त्यावर भरपूर हसून घेतलं होतं. नव्या गाडीचा एकही टवका उडू द्यायचा नाही, असं व्हर्लिनने मनाशी पक्कं केलं. म्हणजे गाडी गॅरेजात गेलीच पाहिजे.

आणि गॅरेजच्या फरशीखाली रोवीनाचा जीव होता.

फरशीत एक पोलादी झाकण होतं. ते रुळावरून मागे सरकवलं की खाली उतरायला पायऱ्या, आणि तळाशी समोरासमोर दोन बाकं असलेली पोलादी पेटी, जमिनीत पुरलेली. टोर्नेडो आला की तिच्यात शिरून झाकण ओढून घ्यायचं. तिकडे सगळे तिला ‘भित्र्याचं बीळ’ म्हणतात. आत शिरणारेही म्हणतात आणि बाहेर उभे राहून आभाळ बघणारेही म्हणतात. बाहेर उभे राहणारे बहुतेक पुरुष असतात. वादळाचा भोंगा वाजला की बायका-पोरं खाली, आणि बाप्ये व्हरांड्यात हाताची घडी घालून ‘कुठवर आलंय बघू’ म्हणत उभे. ही तिकडची जुनी खोड आहे, आणि मरणाची खोड आहे.

रोवीना शाळेत होती तेव्हा तिचा बाप असाच व्हरांड्यात उभा होता. आईने तळघराचं दार त्याच्यासाठी अर्धं उघडं धरलं होतं. “या हो आत, या!” म्हणून ती ओरडत होती आणि तो म्हणत होता, “आलोच.” तो सापडला दुसऱ्या दिवशी, पलीकडच्या गव्हाच्या शेतात. तेव्हापासून वारा पडला आणि आभाळाला हिरवट रंग चढला की रोवीनाच्या तोंडाला कोरड पडे. मुलगी जनेल शिकून डेन्व्हरला गेली तेव्हा व्हर्लिन म्हणाला होता, आता तुला नवं स्वयंपाकघर करून देतो. ती म्हणाली, मला बीळ हवंय. नवं स्वयंपाकघर आजतागायत झालं नाही. कपाटाची दारं अजून खालून निसटतात. तिने कधी कुरकुर केली नाही, कारण बीळ झाल्यापासून तिला वसंतातही झोप लागायला लागली होती.

तर अशा त्या गॅरेजात पिकअप घालायचा दिवस उजाडला. क्लीव्ह हारजो मदतीला आला. येताना त्याने फोल्डिंगची खुर्चीही आणली होती, म्हणजे त्याच्या मते हे काम लवकर आटपणारं नव्हतं.

आधी सामान हललं. रोवीनाचा मोठा फ्रीजर मागच्या व्हरांड्यात गेला, मुरंब्याच्या बाटल्यांची फळी भिंतीवरून उतरली, आणि ख्रिसमसच्या माळांची खोकी माळ्यावर चढली. मग व्हर्लिनने पिकअपच्या मागचा, ट्रेलर ओढायचा लोखंडी गोळा काढला, आरसे मिटवले, आणि नाक आत घातलं.

“ये... ये... ये... अजून ये,” क्लीव्ह दोन्ही हातांनी बोलावत होता. “अजून... अरे थांब! थांब लेका! भिंत घेऊन बाहेर निघशील पलीकडे!”

“किती राहिलंय?”

“तुझ्या बाजूला की माझ्या बाजूला?”

“क्लीव्ह, मस्करी नको. मागचं दार लागतंय का बघ.”

गॅरेजचं दार लागत नव्हतं. पिकअपची शेपटी हातभर बाहेर होती. व्हर्लिन खाली उतरायला गेला तर त्याचं दार स्वयंपाकघराकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर आपटलं. तो पोट आत ओढून कसाबसा बाहेर आला आणि घाम पुसत उभा राहिला. पुढच्या भिंतीला त्याचं कामाचं लाकडी टेबल होतं, त्याच्या वडिलांनी केलेलं. त्या टेबलाकडे त्याने पाहिलं आणि करवत आणली.

“बापाचं टेबल कापतोयस?” क्लीव्हने विचारलं.

“कापत नाहीये. खाच पाडतोय. बंपर त्या खाचेत बसेल.”

“माझ्या आजीने नवी चप्पल घालायला अंगठा कापला नव्हता, एवढंच सांगतो.”

खाच पडली. बंपर तिच्यात शिरला. छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगला, तो काचेला टेकला की थांबायचं. आता गॅरेजचं दार शेपटीला घासत का होईना, खाली आलं. राहिला प्रश्न पायऱ्यांचा. व्हर्लिनने पिकअप बाहेर काढून पुन्हा आत घातला, या खेपेला जरा पलीकडच्या भिंतीकडे सरकवून. आता त्याचं दार उघडलं, आणि तो सरळ माणसासारखा खाली उतरला. क्लीव्हने खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

रोवीना पायऱ्यांवर उभी होती. टाळ्या वाजवायला तिचेही हात वर आले होते, पण नजर खाली गेली. पिकअपचं पुढचं चाक बिळाच्या झाकणावर होतं. कडेला टेकलेलं नाही, चांगलं वर चढून बसलेलं.

“व्हर्लिन, चाक झाकणावर आलंय.”

“काही होत नाही त्याला. बसवणारा म्हणाला होता ना, वर मालट्रक उभा केला तरी वाकणार नाही.”

“वाकायचं कोण बोलतंय? उघडणार कसं?”

“उघडायची वेळ आली की गाडी बाहेर काढायची. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर.”

“आणि तू घरी नसलास तर?”

“मी कुठं जाणार आता? निवृत्त माणूस मी. दिवसभर घरात असतो म्हणून तूच ओरडतेस.” मग तिचा चेहरा पाहून त्याने जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. “अगं राणी, शब्द देतो. भोंगा वाजला की आधी गाडी बाहेर, मग दुसरं काम. गारा पडोत नाहीतर आकाश पडो.”

क्लीव्ह आपली खुर्ची मिटत होता. तो इकडे न बघता म्हणाला, “चाक नको होतं रे तिथं. नोरीन असती तर तिने मला गाडीसकट बाहेर काढलं असतं.” नोरीन त्याची बायको. ती वारल्यापासून वादळात क्लीव्हही याच बिळात येऊन बसायचा, आणि व्हर्लिनने व्हरांड्यातून कितीही हाका मारल्या तरी उठायचा नाही.

रोवीनाने तेव्हा जास्त ताणलं नाही. नवरा खुळा आहे हे तिला दिसत होतं, पण इतका खूष होता, की त्याच्या आनंदात माती कालवायचं तिच्या जिवावर आलं. शिवाय तिच्या भीतीची आजवर इतकी थट्टा झाली होती, की तिलाच तिची लाज वाटायला लागली होती. आपणच जरा जास्त करतो, असं तिने मनाला सांगितलं आणि फ्रीजरमधली भराभर वितळायला लागलेली मक्याची पाकिटं बघायला गेली.

दर शनिवारी दुपारी गावचे भोंगे वाजवून बघतात. पुढच्या शनिवारी ते वाजले तेव्हा व्हर्लिन कॉफी पीत होता. तो कपासकट उठला, गॅरेजचं दार वर गेलं, पिकअप मागे आला, झाकण सरकलं, आणि भोंगा थांबायच्या आत हा बिळात उतरून बाकावर बसून कॉफीचा घोट घेत होता.

“बघ! एक थेंब सांडला नाही. आता बोल.”

“बोलायचं काय त्यात,” रोवीना म्हणाली. आणि खरंच तिच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. त्यानंतरच्या शनिवारी त्याने पुन्हा तोच खेळ करून दाखवला. त्यानंतर मात्र तो कंटाळला.

मे महिन्यातल्या त्या बुधवारी सकाळपासून हवा दमट होती. कपडे अंगाला चिकटत होते. दुपारनंतर गारांची शक्यता, असं टीव्हीवर सांगत होते. व्हर्लिन आणि क्लीव्हचा बुधवार म्हणजे गुरांच्या बाजाराचा दिवस. दोघांकडे आता शेपूट म्हणावं असं एकही जनावर नव्हतं, पण बाजारातल्या खानावळीत नारळाचं सारण भरून भाजलेला गोड ‘पाय’ मिळायचा, आणि कोणाचा बैल कितीला गेला यावर तासभर बोलता यायचं.

“आज नको जाऊस,” रोवीना म्हणाली.

“दुपारी तर परत येतो. आणि हे बघ, पिकअप नेतच नाही. तुझी गाडी नेतो. गारा पडल्या तर कुठं कोऱ्या गाडीला मार खायला लावू?”

“माझ्या गाडीने खाल्ला तर चालेल.”

“तुझ्या गाडीला मार खायची सवय आहे,” तो हसत म्हणाला आणि तिच्या गालाला ओठ लावून निघाला. रोवीनाही हसली. त्या वेळी तिला सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. बोलता बोलता त्याने तिच्या गाडीची किल्ली उचलली होती, आणि पिकअपची नेहमीप्रमाणे खिशातच होती.

दुपारी तो आला नाही. नारळाचा तो ‘पाय’ ताजा नव्हता म्हणून दुसरा भाजून होईपर्यंत दोघे थांबले, असं मागाहून कळलं. ऊन गेलं. पक्षी गप्प झाले. टीव्हीवरच्या हवामानवाल्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर केल्या. तिकडचं लहान मूलही हे ओळखतं. कोट अंगावर आहे तोवर जेवण चालू ठेवायचं, कोट निघाला की बूट घालायचे. रोवीनाने बूट घातले. काचा-खिळ्यांतून चालायची वेळ आली तर अनवाणी पाय नकोत म्हणून. जनेलचं सायकलचं जुनं शिरस्त्राण कपाटातून काढून डोक्यावर बसवलं. हवामानवाला आता गावांची नावं सोडून रस्त्यांची नावं घेत होता.

मग भोंगा सुरू झाला, आणि तो शनिवारचा नव्हता.

ती गॅरेजात धावली. पिकअप आपल्या जागी शांत उभा होता. दारं बंद. ती पोटावर आडवी झाली, गुडघ्याच्या जुन्या ऑपरेशनने कळ मारली तरी तशीच सरपटत चाकाजवळ गेली आणि झाकणाची मूठ धरून ओढली. झाकण दोन बोटं सरकलं. खालचा थंड, बंद हवेचा वास तिच्या तोंडावर आला. मग टायर झाकणाला चावल्यासारखा घट्ट झाला. तिने दोन्ही पाय भिंतीला लावून ओढलं. रडत ओढलं. झाकण तिळभर हललं नाही.

खिशातला फोन वाजला.

“रोवीना! कुठं आहेस?”

“गाडीखाली! किल्ली कुठंय? व्हर्लिन, किल्ली कुठंय?”

वाऱ्याच्या आवाजातून तो म्हणाला, “माझ्या खिशात.”

“दुसरी? दुसरी किल्ली होती ना, दोन दिल्या होत्या ना!”

क्लीव्हचा आवाज मागून ऐकू आला, “सांग की तिला.”

“बिळात आहे,” व्हर्लिन म्हणाला. “घराची कागदपत्रं ठेवलीत ना खाली डब्यात, त्यातच ठेवली. घर उडालं तरी ती राहील म्हणून.”

त्या भागात सगळेच तसं करतात. जे जपायचं ते बिळात. रोवीनाला त्याही वेळी हसावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं ते हसणं नव्हतं.

“ऐक, ऐक माझं. काच फोड. मागच्या सीटखाली जॅक आहे. चाक जरासं उचललं की झाकण सरकेल. फोड काच, मी सांगतोय ना! आम्ही येतोय, रस्त्यावर तारा पडल्यात, पण येतोय. जॅक लाव आणि आत जा. जाशील ना?”

“बघते,” ती म्हणाली, आणि फोन मेला.

हातोडा कामाच्या टेबलावर होता. तो घेऊन ती पिकअपच्या दाराशी उभी राहिली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. काच इतकी कोरी होती, की तिच्यात तिला स्वतःचंच तोंड दिसत होतं, शिरस्त्राण घातलेलं. टोर्नेडो गावात शिरलेला, आणि ही बाई बघत होती, की त्यातल्या त्यात लहान काच कुठली. व्हर्लिनला कमीत कमी वाईट वाटेल अशी. ती वळसा घालून मागच्या छोट्या काचेपाशी गेली. तेवढ्यात दिवे गेले, भोंगा मधेच तुटला, कानांत दडे बसले, आणि गॅरेजचं मोठं दार आत ओढल्यासारखं फुगलं. मग तिने हातोडा टाकला आणि पळाली.

न्हाणीघरातला टब जुना, बिडाचा. पाहुण्यांच्या पलंगावरची गादी तिने कशी ओढत आणली हे तिला नंतर सांगता आलं नाही. टबात गुडघे पोटाशी घेऊन ती आडवी झाली आणि गादी अंगावर ओढून घेतली. लोक म्हणतात, मालगाडीसारखा आवाज येतो. रोवीनाला तसा आला नाही. तिला वाटलं, कोणी तरी सगळं घर हातात धरून खडबडीत रस्त्यावरून ओढत नेतंय. दात एकमेकांवर आपटत होते. तिने देवाला हाक मारली, आईला मारली. व्हर्लिनला मारली नाही. ते तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

मग ते पुढे गेलं.

बराच वेळ काही कळेना. पाऊस पडत होता आणि तो घरात पडत होता. गादीवर काहीतरी जड येऊन बसलं होतं. छताचा तुकडा असावा. एका कडेने उजेड दिसत होता, श्वास घेता येत होता. तिने हातापायांची बोटं हलवून पाहिली. सगळी हलली. ती जिवंत होती. आता कोणी तरी येईल, व्हर्लिन येईल, आधी आपलं नाव घेऊन ओरडेल, याची ती वाट बघत राहिली.

पहिला आवाज आला तो पिकअपचा. पीक-पीक. खिशातली किल्ली दाबली की पिकअप असा ओळखीचा आवाज देतो. तो गॅरेजातून आला, भिंतीपलीकडून. म्हणजे व्हर्लिन आला होता. बाजूच्या छोट्या दाराने आत शिरला असणार. त्याने हाक मारली असली तरी पावसात आणि गादीखाली तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. तिला ऐकू आलं ते पीक-पीक, मग दार, मग इंजिन सुरू झाल्याचा मोठा, नवा, निरोगी आवाज.

आधी गाडी. घर फुटलंय, बायको कुठे आहे माहीत नाही, आणि याने आधी गाडी चालते का ते पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार तिने त्या आवाजात ऐकला. तिला इतका राग आला, की रडूही येईना.

मग दणका बसला. पत्रा फाटल्याचा, काच फुटल्याचा, लाकूड मोडल्याचा, असा सगळा एकदम. पिकअप मागे गेला होता. गॅरेजचं दार वर उचललंच गेलं नव्हतं. पिचकून शेपटीवर बसलेल्या त्या दारातून त्याने पिकअप तसाच मागे रेटला होता. इंजिन बंद पडलं. आणि लगेच पोलादाचा खरखराट, तिच्या चांगल्या ओळखीचा. झाकण रुळावरून मागे सरकलं.

“रोवीना!”

आवाज घुमला. बिळात तोंड घालून हाक मारली की आवाज असाच घुमतो. तो तिला बिळात शोधत होता. सरकलेली ती दोन बोटांची फट त्याने पाहिली असेल, खाली पडलेला हातोडा पाहिला असेल. जॅक लाव म्हणून त्याने सांगितलं होतं आणि ती बघते म्हणाली होती. त्याला वाटलं असणार, ती कशीबशी आत गेली आणि चाक वर होतं म्हणून आत अडकून पडली.

“रोवीना! अगं, उघडलंय मी! ये वर!”

तिला आता नुसतं ‘ओ’ द्यायचं होतं. तोंड उघडं होतं, छातीत श्वास होता. तिने ‘ओ’ दिली नाही.

पायऱ्यांवर त्याचे बूट धडपडत उतरले. खाली पाण्याच्या बाटल्या गडगडल्या, डबा आपटला. बाकांखाली, कोपऱ्यांत, त्या इवल्याशा पेटीत माणूस लपायला जागाच कुठे आहे? तरी तो शोधत होता. क्लीव्हचा आवाज वरून आला, दमलेला. “आहे का?”

“नाही,” व्हर्लिन म्हणाला. “नाही रे. इथं नाहीये.” आणि मग तिने कधीही न ऐकलेला आवाज तिला ऐकू आला. तो हंबरल्यासारखा रडत होता. “मी चाक ठेवलं तिथं. ती म्हणत होती. क्लीव्ह, ती सांगत होती मला.”

रोवीना टबात पडून ऐकत होती. नवऱ्याची दया येत नव्हती असं नाही. पण त्या बिळात त्याला अजून जरा वेळ उभं राहू द्यावं, झाकणाखालून वर बघू द्यावं, असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं तिला हलवता येईना. तिच्या डोळ्यांसमोर तो टायर होता आणि तिचे भिंतीला लावलेले पाय. हे मनातलं आपण कधी कोणाला सांगू शकणार नाही, व्हर्लिनला तर नाहीच, हेही तिला कळत होतं.

“हाका मार, नुसता उभा राहू नको,” क्लीव्ह ओरडला. “घरात बघू. न्हाणीघर कुठल्या बाजूला?”

“रोवीना! रोवीना गं!”

“इथंय मी,” ती म्हणाली. म्हणाली, पण इतक्या हळू, की गादीच्या आतल्या आत तिलाच जेमतेम ऐकू आलं. तिकडे तो नाव घेत राहिला, आणि ती पुन्हा काही बोलली नाही.